युनिसेफच्या लसखरेदीत पुरवठादार नेमका ठरतो कसा?

हिशेबनीस (मूळ लेख)

येथील एका जुन्या चर्चेत असा सूर होता की आंतरराष्ट्रीय संस्था कितीही मोठी असो, ती शेवटी सर्वांत कमी दर भरणाऱ्यालाच काम देते आणि बाकीची कागदपत्रे हा देखावा असतो. निर्यातीच्या हिशेबाच्या बाजूने लसींच्या खरेदीशी माझा बराच काळ संबंध आला आहे आणि मला हे मत अपुरे वाटते. दर पाहिला जातो, बारकाईने पाहिला जातो, परंतु सर्वांत शेवटी. कोणाचा दर पाहायचाच नाही हे त्याच्या कितीतरी आधी ठरलेले असते आणि खरी निवड तिथे होते.

युनिसेफचे उदाहरण घेतो, कारण त्याचा एक धागा थेट हडपसरपर्यंत, म्हणजे सीरम इन्स्टिट्यूटच्या कारखान्यापर्यंत येतो. युनिसेफचा पुरवठा विभाग कोपनहेगनमध्ये आहे. जगातील पाच वर्षांखालील सुमारे ४५ टक्के मुलांना मिळणाऱ्या लसी या विभागामार्फत खरेदी होतात. गरीब देशांच्या लसींसाठी निधी उभारणारी, २००० साली स्थापन झालेली 'गावी' ही संस्थाही आपली बहुतेक खरेदी युनिसेफकडूनच करून घेते. एवढ्या मोठ्या गिऱ्हाइकाच्या दारात उभे राहायचे तर पहिली अट दराची नसून जागतिक आरोग्य संघटनेच्या पूर्वपात्रतेची असते. लसींसाठी ही व्यवस्था १९८७ मध्ये सुरू झाली. उत्पादनाची संपूर्ण माहिती तपासली जाते, वेगवेगळ्या बॅचमधील नमुन्यांची स्वतंत्र प्रयोगशाळांत चाचणी होते आणि तपासनीस प्रत्यक्ष कारखान्यात येतात.

याहून कडक अट अशी आहे की ज्या देशात लस तयार होते त्या देशाची औषध नियंत्रण यंत्रणासुद्धा जागतिक आरोग्य संघटनेच्या कसोटीवर उतरावी लागते. म्हणजे कारखाना उत्तम, माल उत्तम, दर उत्तम, पण देशाची नियंत्रक यंत्रणा कसोटीला उतरलेली नसेल तर निविदा भरण्याचा प्रश्नच येत नाही. चीनमध्ये लस उत्पादन कितीतरी आधीपासून होते, परंतु तेथील नियंत्रक यंत्रणेला २०११ मध्ये मान्यता मिळाली आणि पहिल्या चिनी लसीला, जपानी मेंदूज्वरावरील लसीला, पूर्वपात्रता मिळाली ती २०१३ मध्ये. त्यापूर्वी कोणत्याही चिनी कारखानदाराने कितीही कमी दर देऊ केला असता तरी त्याचा लिफाफा उघडला गेला नसता.

दुसरी चाळणी तपशीलवार मागणीपत्राची, ज्याला आपण स्पेसिफिकेशन म्हणतो. लसीच्या कुपीवर एक छोटे वर्तुळ असते आणि त्यात एक चौकोन असतो. माल निघताना चौकोन वर्तुळापेक्षा फिकट असतो. उष्णता लागत जाते तसा तो गडद होत जातो आणि त्याचा रंग वर्तुळाच्या रंगाशी जुळला की ती कुपी फेकून द्यायची असते. वाचता न येणाऱ्या मदतनिसालाही हे समजते. तोंडी पोलिओ लसीच्या कुप्यांवर हे चिन्ह १९९६ पासून येऊ लागले आणि पुढे इतर लसींच्या निविदांतही ते मागितले जाऊ लागले. कुपीवर काय चिकटवायचे ही बाब वरवर किरकोळ वाटते, पण ते चिन्ह बसवण्याची सोय ज्याच्या पॅकिंगच्या यंत्रणेत नाही त्याला तिथेच थांबावे लागते. गंमत अशी की हे चिन्ह बनवणारी अमेरिकेतील कंपनी अनेक वर्षे एकच होती. स्पर्धेचा आग्रह धरणाऱ्या संस्थेच्या स्वतःच्या अटीतूनच दुसऱ्या एका जागी मक्तेदारी तयार झाली होती.

या दोन चाळण्यांतून जे उरतात त्यांच्यात मग दराची स्पर्धा होते. तिथेही सगळे काम एकाच कंपनीला देऊन टाकण्याची पद्धत नाही. गरज अनेक पुरवठादारांत विभागली जाते आणि प्रत्येकाशी काही वर्षांचा करार केला जातो. त्या करारात खरेदीचे अंदाजे प्रमाण लिहिलेले असते, पण तेवढी खरेदी होईलच अशी हमी सहसा नसते. इतरांची मते वाचायला आवडतील, विशेषतः जे आत काम करून आले आहेत त्यांची.

औषधनिर्माता

लेखातील मांडणीशी सहमत आहे, परंतु एक गोष्ट राहिली. खरेदीदार काही वेळा उपलब्ध पुरवठादारांतून निवड करत नाही, तो पुरवठादार घडवतो. आफ्रिकेतील मेंदूज्वराची लस हे त्याचे मला माहीत असलेले सर्वांत स्पष्ट उदाहरण आहे.

सेनेगलपासून इथिओपियापर्यंतच्या पट्ट्यात 'अ' गटाच्या मेनिंगोकॉकस जिवाणूमुळे मेंदूज्वराच्या साथी येत असत. १९९६-९७ च्या साथीत अडीच लाखांच्या आसपास रुग्ण आणि सुमारे २५,००० मृत्यू नोंदवले गेले. जुनी लस होती, पण तिचा परिणाम अल्पकाळ टिकत असे. नवी संयुग्मित लस, म्हणजे जिवाणूच्या आवरणातील शर्करा प्रथिनाला जोडून केलेली लस, बनवणे शास्त्रीयदृष्ट्या शक्य होते. अडचण अशी होती की तिचे गिऱ्हाईक म्हणजे जगातील सर्वांत गरीब देश होते आणि मोठ्या पाश्चात्त्य कंपन्यांना त्यात रस नव्हता. २००१ मध्ये गेट्स फाउंडेशनच्या ७ कोटी डॉलरच्या निधीवर 'पाथ' ही संस्था आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून या लसीचा प्रकल्प सुरू केला. आफ्रिकी देशांच्या आरोग्य अधिकाऱ्यांनी सुरुवातीलाच सांगितले की मात्रेमागे अर्ध्या डॉलरच्या वर किंमत गेली तर ही लस आमच्या उपयोगाची नाही.

येथे नेहमीचा क्रम उलटा झाला. आधी किंमत ठरली आणि नंतर त्या किमतीत काम करू शकेल असा उत्पादक शोधण्यात आला. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने ती अट मान्य केली. संयुग्मनाचे तंत्र अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनातील शास्त्रज्ञांनी विकसित केलेले होते, ते पुण्यात आणण्यात आले. जून २०१० मध्ये पूर्वपात्रता मिळाली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये बुर्किना फासोमध्ये मोहीम सुरू झाली. पुढे २०१२ मध्ये ही लस ४० अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानात चार दिवस बाहेर ठेवता येईल अशी परवानगीही मिळाली. बर्फाची सोय नसलेल्या गावांत या चार दिवसांचे मोल किती, हे लसीकरणाच्या मोहिमेवर गेलेल्या माणसाला वेगळे सांगायला नको.

उत्पादन विभागात काम केलेला माणूस म्हणून हेही सांगतो की पूर्वपात्रता एकदा मिळाली म्हणजे कायमची झाली असे नसते. २०१० मध्ये हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सची पेंटाव्हॅलंट, म्हणजे पाच रोगांवरील एकत्रित लस, युनिसेफचे मोठे कंत्राट हातात असताना, यादीतून काढली गेली, कारण काही कुप्यांच्या आतल्या बाजूला पांढरा थर चिकटलेला आढळला. २०२२ मध्ये तपासणीनंतर कोव्हॅक्सिनचा संयुक्त राष्ट्रसंघाच्या संस्थांमार्फत होणारा पुरवठा थांबवण्यात आला. अशा वेळी कमी दराचा काडीचाही उपयोग होत नाही.

शंकेखोर

दोन्ही लेख माहितीपूर्ण आहेत, पण चित्र जरा जास्तच स्वच्छ रंगवले गेले आहे. संयुक्त राष्ट्रसंघाच्या इराकमधील 'तेलाच्या बदल्यात अन्न' कार्यक्रमाची चौकशी पॉल व्होल्कर यांच्या समितीने केली, त्याच काळात संयुक्त राष्ट्रसंघाचा खरेदी अधिकारी अलेक्झांडर याकोव्हलेव्ह याने ऑगस्ट २००५ मध्ये न्यायालयात गुन्हा कबूल केला. कंत्राटे मिळवू पाहणाऱ्या कंपन्यांकडून त्याने लाखो डॉलर घेतले होते. संजय बहल या दुसऱ्या खरेदी अधिकाऱ्याला न्यूयॉर्कच्या न्यायालयाने २००७ मध्ये दोषी ठरवले. मर्जीतल्या मंडळींकडे कंत्राटे वळवण्याच्या मोबदल्यात त्याला मॅनहॅटनमधील घर स्वस्तात मिळाले होते. हे दोघेही त्याच नियमांच्या चौकटीत बसून काम करत होते.

या प्रकरणांनंतर २००६ मध्ये खरेदीतील गैरव्यवहारांच्या तपासासाठी संयुक्त राष्ट्रसंघाने विशेष कृतिदल नेमले आणि २००८ च्या अखेरीस ते बंदही करून टाकले. तपास करणारे पथक तीन वर्षांत गुंडाळणाऱ्या संस्थेच्या चाळण्यांवर किती विश्वास ठेवावा, हा माझा प्रश्न आहे.

हिशेबनीस

प्रश्न रास्त आहे आणि ते पथक बंद करणे मलाही पटलेले नाही. परंतु आपण दिलेली दोन्ही उदाहरणे न्यूयॉर्कच्या मुख्यालयातील सर्वसाधारण खरेदीची आहेत, म्हणजे सेवा, मनुष्यबळ, दूरसंचार आणि शांतिसेनेसाठी लागणारा माल यांची. तिथे मागणीपत्र लिहिणाऱ्याच्या हातात पुष्कळ काही असते. निविदेची मुदत कोणासाठी वाढवायची, अनुभवाची अट कशी शब्दबद्ध करायची, तांत्रिक गुण कसे द्यायचे, या सगळ्यांतून एखाद्याला आत घेता येते किंवा बाहेर ठेवता येते. लसींच्या बाबतीत पात्रता एक संस्था ठरवते, पैसा दुसरी देते आणि खरेदी तिसरी करते, त्यामुळे एका टेबलावरच्या माणसाला सगळे साधता येत नाही. शिवाय युनिसेफ २०११ पासून लसींचे दर पुरवठादारनिहाय जाहीर करते. शेजाऱ्याला काय दर मिळाला हे सगळ्यांना दिसत असेल तर मर्जी लपवणे अवघड होते. अशक्य होते असे मी म्हणत नाही.

धरणाकाठी

मी जागतिक बँकेच्या अर्थसाहाय्यातील प्रकल्पांवर काम केले आहे, म्हणून एक फरक नोंदवतो जो वर्तमानपत्रांत नेहमी पुसला जातो. बँक स्वतःच्या कार्यालयांसाठी जी खरेदी करते ती वेगळी आणि तिच्या कर्जातून एखादे सरकार जी खरेदी करते ती वेगळी. मुंबई नागरी परिवहन प्रकल्पासाठी २००२ मध्ये बँकेने कर्ज दिले, पण त्यातील निविदा काढल्या त्या येथील यंत्रणांनी. अशा प्रकल्पांत बँक नियम घालून देते, मोठ्या कंत्राटांच्या प्रत्येक टप्प्यावर 'हरकत नाही' असे पत्र देते किंवा देत नाही. करारावर सही मात्र कर्ज घेणाऱ्याची असते. 'जागतिक बँकेने अमुक कंपनीला काम दिले' असे वाचले की बहुधा ते चुकीचे असते.

सत्यम या हैदराबादच्या सॉफ्टवेअर कंपनीचे प्रकरण पहिल्या प्रकारातले होते. ती कंपनी बँकेच्या स्वतःच्या संगणकीय कामाची पुरवठादार होती आणि बँकेच्या कर्मचाऱ्यांना अनुचित लाभ दिल्याच्या कारणावरून तिच्यावर आठ वर्षांची बंदी घातल्याचे डिसेंबर २००८ मध्ये उघड झाले. हिशेबांतील घोटाळ्याची कबुली त्यानंतर काही दिवसांनी, जानेवारी २००९ मध्ये आली. बंदीचे हत्यार पुढे आणखी धारदार झाले. एप्रिल २०१० मध्ये जागतिक बँक आणि चार प्रादेशिक विकास बँकांनी एकमेकींच्या बंद्या मान्य करण्याचा करार केला. आता एकीकडे काळ्या यादीत गेलेली कंपनी ठरावीक अटींनुसार बाकीच्यांकडेही अपात्र होते. बांगलादेशातील पद्मा पुलाच्या कंत्राटातील कथित लाचखोरीच्या प्रकरणानंतर एसएनसी-लाव्हालिन या कॅनडाच्या बड्या कंपनीच्या उपकंपनीवर आणि तिच्या संलग्न कंपन्यांवर २०१३ मध्ये दहा वर्षांची बंदी आली, तेव्हा आमच्याकडे निविदा भरणाऱ्या कंपन्यांच्या कायदा विभागात एकदम वर्दळ वाढली होती.

पिंपरी_रोटोमोल्ड

आमचा पिंपरीत रोटोमोल्डिंगचा, म्हणजे तापवलेला साचा फिरवून प्लॅस्टिकच्या पोकळ वस्तू बनवण्याचा, छोटा कारखाना आहे. मासळी आणि दुधासाठी इन्सुलेटेड पेट्या बनवतो. लस वाहून नेण्याच्या शीतपेट्या आणि व्हॅक्सिन कॅरिअर दिसायला त्यांच्याहून फार वेगळे नसतात, म्हणून या बाजारात उतरावे असे मनात आहे. एका सल्लागाराने संयुक्त राष्ट्रसंघाच्या पुरवठादार यादीत नाव घालून देण्यासाठी बरीच मोठी रक्कम मागितली आणि यादीत नाव आले की ऑर्डर आपोआप येतात असेही सांगितले. येथील जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

निर्यात_टेबल

दादा, त्या सल्लागाराला एक रुपयाही देऊ नका. संयुक्त राष्ट्रसंघाच्या संस्थांसाठी 'यूएन ग्लोबल मार्केटप्लेस' हे सामाईक संकेतस्थळ आहे आणि तिथे पुरवठादार म्हणून नोंदणी विनामूल्य आहे. कंपनीची माहिती भरायची, आपल्या मालाचे वर्गीकरण क्रमांक निवडायचे आणि आचारसंहिता मान्य करायची. पहिली पातळी सोपी आहे. मोठ्या रकमेच्या कामांसाठी वरच्या पातळ्यांवर लेखापरीक्षित ताळेबंद आणि जुन्या ग्राहकांची शिफारसपत्रे लागतात. वर्गीकरण क्रमांक निवडताना लोक घाई करतात आणि मग आपल्या मालाच्या निविदेची सूचनाच त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. नोंदणी झाली म्हणून ऑर्डर मात्र येत नाही. ती फक्त दारात येण्याची परवानगी आहे.

आपल्या पेट्यांसाठी खरे दार निराळे आहे. लसींच्या शीतसाखळीतील उपकरणांसाठी जागतिक आरोग्य संघटनेची स्वतंत्र पूर्वपात्रता आहे, तिला पीक्यूएस म्हणतात. शीतपेटीत गोठवलेले बर्फाचे पॅक भरून ती ४३ अंश सेल्सिअसच्या खोलीत ठेवतात आणि आतले तापमान ठरलेल्या मर्यादेत किती तास राहते ते मोजतात. पेटी वेगवेगळ्या बाजूंवर पाडून पाहतात, बिजागरी आणि झाकण किती टिकते ते पाहतात. ही चाचणी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत होते आणि तिचा खर्च आपणच करायचा असतो. मासळीच्या पेटीत बर्फ टिकला की काम झाले. इथे उलटीही भीती असते, कारण हिपॅटायटिस-बी किंवा पेंटाव्हॅलंटसारख्या लसी गोठल्या तर वाया जातात. म्हणून मदतनिसाने काहीही विशेष काळजी घेतली नाही तरी लस गोठणार नाही अशा रचनेच्या कॅरिअरना आता पसंती आहे. आपल्या साच्यात तो बदल करावा लागेल आणि साचा स्वस्त नसतो, हे आपल्याला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे.

निविदेच्या स्वरूपाविषयी थोडे. सार्वजनिक बांधकाम खात्याची दोन लिफाफ्यांची पद्धत आपल्या परिचयाची असेल. मोठ्या आणि गुंतागुंतीच्या कामांत येथेही तांत्रिक प्रस्ताव आधी उघडतात आणि त्यात उत्तीर्ण होणाऱ्यांचेच दर पाहतात. साध्या, नेमके वर्णन करता येणाऱ्या मालात मागणीपत्राशी जुळणाऱ्यांपैकी कमी दराचा विचार होतो. कालावधी उलटून गेल्यावर आलेला प्रस्ताव घेत नाहीत, मग तो एका मिनिटाने का उशिरा आलेला असेना. आपल्याकडे ओळखीच्या साहेबाला फोन करून मुदतवाढ मिळण्याची जी सवय लागलेली असते ती येथे फार महागात पडते, कारण निविदा चालू असताना ठरवून दिलेल्या पत्त्याखेरीज कोणाशीही संपर्क साधणे हेच बाद होण्याचे कारण ठरू शकते. काम मिळाले नाही तर मात्र संकोच न करता कारणांची माहिती मागा. अनेक संस्था हरलेल्या निविदाधारकाला त्याच्या प्रस्तावात काय कमी पडले ते सांगतात आणि पुढच्या वेळी त्याचा फार उपयोग होतो.

आगाऊ रक्कम सहसा मिळत नाही. माल आणि कागदपत्रे पोहोचल्यावर साधारण तीस दिवसांत पैसे येतात, त्यामुळे तोवरचे खेळते भांडवल तुमचे. वाद झाला तर पुण्याच्या न्यायालयात जाता येणार नाही, लवादाकडे जावे लागेल, कारण संयुक्त राष्ट्रसंघाला १९४६ च्या करारानुसार न्यायालयीन कारवाईपासून संरक्षण आहे.

औषधनिर्माता

वर कमी दराची बरीच चर्चा झाली म्हणून दुसरी बाजू मांडतो. ऑक्टोबर २०१६ मध्ये युनिसेफने पेंटाव्हॅलंट लसीचा सरासरी दर मात्रेमागे ८४ सेंटवर आणला. आधीच्या दराच्या तो जवळपास निम्मा होता. सहा पुरवठादार रिंगणात असल्यामुळे हे घडले. याउलट इंजेक्शनच्या पोलिओ लसीसाठी त्याच सुमारास दोनच पुरवठादार होते, फ्रान्सची सनोफी पाश्चर आणि नेदरलँड्समधील बिल्टहोव्हन, जी सीरमने २०१२ मध्ये विकत घेतली होती. दोघांनाही उत्पादन अपेक्षेप्रमाणे वाढवता आले नाही, टंचाई झाली आणि भारताने २०१६ मध्ये एक पंचमांश मात्रा त्वचेत टोचण्याचा मार्ग पत्करला. निवडीची प्रक्रिया दोन्ही लसींत सारखीच होती. फरक रिंगणातील गर्दीचा होता.

शंकेखोर

आणि गर्दी असूनही सगळे एकाच देशात असतील तर? कोव्हॅक्स योजनेने गरीब देशांच्या कोविड लसीसाठी मोठी भिस्त पुण्यावर ठेवली होती. मार्च २०२१ मध्ये भारताने निर्यात थांबवली आणि हा पुरवठा नोव्हेंबरपर्यंत सुरू झाला नाही. पुण्यात त्या वर्षी एप्रिल-मे महिन्यांत कोविडच्या दुसऱ्या लाटेत जे झाले ते पाहता तो निर्णय चुकीचा होता असे म्हणायला माझी जीभ रेटत नाही, परंतु आफ्रिकेतील आरोग्य सेवकांच्या वाट्याला काय आले असेल तेही दिसते. पूर्वपात्रता, तपासणी, दर, करार, सगळे जागच्या जागी होते. देशाच्या सीमेचा धोका मात्र कोणत्याही गुणपत्रिकेत नव्हता.

हिशेबनीस

हा मुद्दा मान्य. त्यानंतर आफ्रिकेत लस उत्पादन उभे राहावे यासाठी गावीने वेगळा निधी ठेवला आहे, म्हणजे तेथील कारखान्यांना सुरुवातीच्या वाढीव खर्चाची भरपाई मिळेल. हिशेबाच्या भाषेत सांगायचे तर मात्रेमागे थोडे अधिक पैसे मोजून भौगोलिक विमा घेतला जात आहे. पुण्यातील कारखान्यांच्या दृष्टीने ही नवी स्पर्धा आहे आणि ती दरावर होणार नाही.

पिंपरी_रोटोमोल्ड

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सल्लागाराला नकार कळवला आहे. निर्यात_टेबल यांना एकच विचारायचे आहे: पीक्यूएसची चाचणी तयार साच्यातल्या पेटीवरच होते, की हाताने बनवलेल्या नमुन्यावर आधी काही अंदाज घेता येतो?

निर्यात_टेबल

अर्ज करताना ज्या साच्यातून पुढे उत्पादन करणार त्याच साच्यातील पेटी द्यावी लागते. परंतु त्याआधी स्वतःच्या खर्चाने एखाद्या खासगी प्रयोगशाळेत ४३ अंशांची चाचणी नमुन्यावर करून घ्या. भिंतीतील फोमची जाडी त्यात लगेच कळते आणि साच्यात पैसे घालण्याआधीच ती वाढवता येते.